जायफळाचा वास

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई साळसूदपणाचा आव आणते. मी रेल्वेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, चांगली तीस वर्षं. माल कोणी नेला, कशासाठी नेला, उरलेला परत काहून नाही आला, हे विचारायचाच मला पगार मिळायचा. एकदा एक फिटर जेवणाच्या डब्यात पितळेचे तुकडे घालून चालला होता, वरून दोन पोळ्या अन् मिरचीचा ठेचा. मी त्याला गेटवर थांबवलं. जेवण झालेल्या माणसाचा डबा हातात हलका झुलतो, याचा हात ताणलेला होता. तेव्हापासून माझा माझ्या डोळ्यांवर फार विश्वास बसला, अन् सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमचं घर रायपूरजवळच्या बीरगांवात, कारखान्यांच्या धुराखाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर अन् मागच्या अंगणाला लागून न्हाणी. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शेजारच्या उरला गावातल्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. सून भंडाऱ्याकडची, शिकलेली, कमी बोलणारी. मला कमी बोलणाऱ्या माणसाचा धाकच वाटतो. बडबडं माणूस कुठेतरी चुकतं अन् सापडतं, पण जे तोंडच उघडत नाही त्याला धरायचं कुठे?

त्यांच्या लग्नानंतर दोनतीन वर्षांनी नात झाली. पोट्टी गोरी, केसाळ, नाक आमच्या घरचं. पण तिच्या जन्माच्या आधीपासूनच माझ्या मनात पाल चुकचुकत होती. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होते. हिनं सरळ नाही म्हटलं, "इथंच करीन, रायपूरच्या सरकारी दवाखान्यात." बरं, हिची आई आली, दोन दिवस राहिली, लेकीच्या तोंडाकडे बघून डोळे पुसले अन् निघून गेली. नात झाली म्हणून रडणारी बाई मी पाहिली आहे, पण ते रडणं वेगळं असते. शिवाय माझा मुलगा, ज्यानं मला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला कधी अर्धा दिवस सुट्टी काढली नाही, तो बायकोला दवाखान्यात न्यायला दर महिन्याला सुट्टी टाकायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "आई, रूटीन चेकअप है." आमची पोरं अशीच. आईशी बोलायचं असलं की मराठी, लपवायचं असलं की हिंदी.

तेराव्या दिवशी मी सहाण काढली.

ती सहाण माझ्या आईची. तिच्यावर मी माझ्या मुलाला घुटी उगाळून दिली, माझ्या आईनं मला दिली. बाळहिरडा, मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, बदाम, खारीक अन् जायफळ, प्रत्येकाचे मोजून वेढे. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर लेकरू दिवसभर झोपते, म्हणून हे काम घरच्या जाणत्या बाईचं. नातीला पहिली घुटी आजीनं द्यायची, हा माझा मान होता. मी स्वच्छ आंघोळ करून, सहाण गरम पाण्यानं धुऊन, वाटी घेऊन खोलीत गेले तर सून पोट्टीला छातीशी धरून उठून उभीच राहिली.

"आई, नको. डॉक्टरीण बाई नाही म्हणाल्या. सहा महिने निस्तं अंगावरचं दूध. वरचं काहीच नाही, पाणी बी नाही."

"अवं, डॉक्टरणीनं किती लेकरं वाढवली?"

"मले माहीत नाही. पण नको म्हणजे नको."

मुलगा दारातून म्हणाला, "रहने दो ना आई." मी वाटी घेऊन परत आले अन् अंगणातल्या तुळशीजवळ ओतून टाकली. त्या दिवशी मी जेवले नाही. मला कोणी दुसऱ्यांदा जेव म्हणायला आलं नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

आता अशा बाईनं काय करावं? दुसऱ्या दिवशी सून न्हायला गेली. न्हाणीची कडी वाजली अन् मी बदाम-हिरडा-जायफळ आधीच उगाळून ठेवलेली वाटी फडताळातून काढली. करंगळी बुडवून पोट्टीच्या ओठाला लावली. पोट्टीनं मिटक्या मारल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू! माझ्या घरात, माझ्या नातीला, मी चोरून घुटी पाजत होते, अन् चोर मात्र मला सून वाटत होती.

कारण तीही काहीतरी पाजत होती ना!

एक लहानशी बाटली होती. रोज सकाळी दार लोटून, बिनसुईच्या पिचकारीनं मोजून, पोट्टीच्या गालात सोडायची. मी आत गेले की बाटली उशीखाली. एकदा ती पोट्टीचे लंगोट वाळत घालायला अंगणात गेली तेव्हा मी उशी उचलून पाहिलं. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं. स्टोअरमधे आम्ही काय समजायचो माहीत आहे? ज्या मालावरचा नंबर घासलेला, तो माल चोरीचा. ती स्वतः बी संध्याकाळी सातला एक गोळी घ्यायची, मोबाईलमधे गजर लावून. विचारलं तर, "रक्ताची गोळी आहे." रक्ताच्या गोळ्या मी बी खाल्ल्या आहेत बाळंतपणात. गजर लावून नाही खाल्ल्या.

पोट्टी झोपायची फार. मी मनाशी ठरवून टाकलं की ही लेकराला गुंगीचं औषध देऊन राहिली. आपल्याला आराम मिळावा म्हणून. नाहीतर माहेरच्यांनी कुठल्या बाबाचं काही पाठवलं असेल. झोप जायफळाची असू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचे हात कुठे दिसतात!

पोट्टी पाच आठवड्यांची होती तेव्हा एका सकाळी सून तिला पाजत होती, तेवढ्यात मी बाटली पर्समधे टाकली अन् बाजाराला जाते म्हणून निघाले. बीरगांवातल्या दुकानात दाखवायची सोय नव्हती, तिथला दुकानदार आमच्या सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ओळखतो. म्हणून दोन ऑटो बदलून थेट रायपूरच्या समता कॉलोनीत गेले. तिथे दवाखाने खूप, औषधाची दुकानं खूप, अन् मला ओळखणारं कोणी नाही.

दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्यानं बाटली उजेडात धरली, लेबलाचा एक कोपरा उरला होता तो चष्मा वर करून वाचला, झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"किसका है?"

"पोती का. डेढ़ महीने की भी नहीं हुई."

त्यानं झाकण घट्ट लावलं, बाटली कागदात गुंडाळली अन् माझ्या हातात दिली. "दीदी, जिसने दिया है उसी से पूछो. और ये बंद मत करना, एक दिन भी मत छोड़ना."

"पर है क्या?"

"घर जाओ दीदी."

परतीच्या ऑटोत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. त्याला माहीत होतं अन् सांगत नव्हता. म्हणजे आता परका माणूस बी यांना सामील!

घरी आले तर घराची दशा बघण्यासारखी. गाद्या उलट्या, पिठाचा डबा रिकामा केलेला, कपाटातले कपडे जमिनीवर. सून मधोमध बसून रडत होती, पोट्टी तिच्या मांडीवर. मुलगा कारखान्यातून अर्ध्या पाळीतच आला होता, अंगावर भट्टीची राख तशीच.

"आई," तो मराठीत म्हणाला, "बाटली तू घेतली का?"

मी पर्स उघडली, कागदाची पुडी काढली अन् त्यांच्यासमोर आपटली. "हव, घेतली! काय आहे ते सांग पहिले. लेकराले काय पाजून राहिले तुम्ही दोघं? या घरात मी कोण आहे?"

सून पुढे सरकली. तिनं बाटली उचलली, पिचकारी भरली, पोट्टीच्या गालात औषध सोडलं, तोंड पुसलं. एक थेंब सांडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मले एचआयव्ही आहे. तुमच्या पोराले बी आहे. गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा निघालं. पोट्टीले होऊ नये म्हणून हे औषध आहे. सहा आठवडे, रोज. आज तुमच्यामुळे चार तास उशीर झाला."

मी बसले. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसले, पिठात.

अन् बघा माझी जात. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोणाचं कोणाले?"

"दोघांचं रक्त एकाच दिवशी तपासलं, दोघांचं निघालं," सून म्हणाली. "कोणाले आधी, ते कागदावर लिहून येत नाही."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता, मान खाली. तीस वर्षं मी प्रत्येक मालामागे तो कुठून आला याची चिठ्ठी मागितली होती. इथे चिठ्ठी नव्हती.

"मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडले. "आई आहे मी! मले सांगायचं नाही?"

सून म्हणाली, "तो स्टीलचा पेला आठवते तुमाले?"

आठवत होता. कसा नाही आठवणार! हिचं लग्न होऊन महिनाच झाला होता. आमच्या पाऱ्यातल्या एका बाईचा नवरा वारला, लोक म्हणत त्याला 'ती' बिमारी होती. ती बाई काही कामाला आमच्याकडे आली. नव्या सुनेनं, तिला काय माहीत, पेल्यात चहा दिला. बाई गेल्यावर मी तो पेला चिमट्यानं उचलून नालीत टाकला, चांगला जड पेला, अन् सुनेला बजावलं की पुन्हा त्या घरचं माणूस उंबऱ्याच्या आत नको. पाऱ्यात चार घरी जाऊन सांगितलं बी. ती बाई दोन महिन्यांत घर सोडून गेली. मी मोठं सावधपणाचं काम केलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"मी चिमटा पाहिला होता," सून एवढंच म्हणाली.

खोटं कशाला सांगू, मला त्यावेळी तिचाच राग आला. इतकी वर्षं तो पेला मनात ठेवून माझ्या हातचं जेवली ही बाई!

मग तिनं तो प्रश्न विचारला. पोट्टीला खांद्यावर घेत, अगदी साध्या आवाजात. "आई, एक सांगा. तुम्ही हिले घुटी दिली का? डॉक्टरीण बाईनं सांगितलं होतं, निस्तं माझं दूध चालते, औषध चालू आहे म्हणून. पण दुधासोबत वरचं काही गेलं तर धोका वाढते. मागं एक दिवस हिच्या तोंडाले जायफळाचा वास आला होता. मले वाटलं तुमच्या हाताचा असन. दिली का?"

"नाही," मी म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. गेटवर तो फिटर बी असाच पटकन म्हणाला होता, कुछ नहीं है मैडम.

सून माझ्याकडे बघत राहिली. मग, "बरं," म्हणाली अन् पीठ गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती न्हाणीचं दार उघडं ठेवून न्हायला लागली. पोट्टीला पाळण्यात नाही, न्हाणीच्या दारासमोर सुपात घालून ठेवायची, तिला दिसेल अशी. ओली बाळंतीण, थंडीचे दिवस, अंगणातून वारा सरळ आत. अंगावर पाणी घ्यायची अन् मान वळवून सुपाकडे बघायची. मी स्वयंपाकघरात कणीक मळत बसायची, पाठ करून. सहाण मी गाठोड्यात बांधून पलंगाखाली सारली होती. कोणी मला काही म्हणत नव्हतं. सून जेवायला वाढायची, पाय दाबायची, आई-आई करायची. पण माझ्या घरात माझ्यावर पहारा होता, अन् पहारा कसा असतो ते मला कोणी शिकवायला नको होतं.

रोज ठरवायची, आज सांगीन. सांगितलं तर ती पोट्टीला पुन्हा हात लावू देणार नाही, ही भीती. नाही सांगितलं तर पोट्टीचं काय, ही दुसरी. पोट्टी दूध पिताना कण्हली की मी लगेच उठायची. तिच्या अंगाला हात लावून ताप बघायची ती बी चोरूनच.

सहा आठवडे झाले त्या दिवशी मी म्हटलं, दवाखान्यात मी बी येते. मुलगा नाही म्हणणार होता. सून म्हणाली, "येऊ द्या."

दवाखान्यातली या बिमारीची खोली कोपऱ्यात होती. बाकावर दहाबारा माणसं, सगळी एकमेकांची नजर चुकवत बसलेली. मी बी पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग त्यातल्या एका म्हातारीनं बी तसाच ओढलेला दिसला, अन् मला माझीच लाज वाटली.

आत समजावून सांगणारी दीदी होती, तरुण, रोड, समोर जाड फाईल. तिनं सुनेच्या गोळ्या मोजल्या, पोट्टीचं वजन लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "बच्ची को ऊपर का कुछ दिया? पानी, शहद, घुट्टी, कुछ भी? सच बताना, इसी से आगे का तय होगा."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. "घुट्टी दी है," ती म्हणाली. "मैंने दी."

दीदीनं पेन टेबलावर ठेवलं. "आपने? आप तो पढ़ी-लिखी हो! कितनी बार समझाया था मैंने? ऊपर की चीज़ से बच्चे की आँत छिलती है, फिर दूध से बीमारी जाने का रास्ता बनता है. दुनिया भर में माँएँ ये गोली खाकर अच्छे-भले बच्चे पाल रही हैं, और आपको घुट्टी सूझी? कितनी बार दी?"

सुनेला आकडा माहीत नव्हता, माहीत असणार कसा! मान खाली घालून ती शिव्या खात होती, मुलगा भिंतीकडे बघत होता, अन् मी तिथे पदर ओढून बसले होते.

"एकोणीस वेळा," मी म्हटलं.

दीदीला कळलं नाही. मी उभी राहिले. "उन्नीस बार. इसने नहीं, मैंने दी. ये नहाने जाती थी तब. चौदहवें दिन से पैंतीसवें दिन तक, बीच में तीन दिन नहीं दी, ये नहाई नहीं थी. उँगली से, एक बार में तीन-चार बूँद. आख़िरी बार आठ दिन पहले."

स्टोअरवालीचा हिशेब. एक वेळही चुकला नसेल. बोलता बोलता माझा आवाज फाटला अन् मी त्या परक्या पोरीसमोर भोकाड पसरून रडले.

दीदी मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं घुटीत काय काय होतं ते विचारलं, सगळं लिहून घेतलं, डॉक्टरणीला दाखवून आली. मग पोट्टीच्या टाचेला सुई टोचली अन् रक्ताचे थेंब एका जाड कागदावरच्या गोलांमधे एकेक करून घेतले. पोट्टी जीव तोडून रडली. सुनेनं तिचा पाय धरला होता. दुसरा पाय मला धरायला सांगितला, तो मी धरला.

परत येताना मुलगा बाईक काढायला गेला तेव्हा मी सुनेला विचारलं, "तू काहून आपल्यावर घेतलं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही पुन्हा नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "मग डॉक्टरीण बाईनं लिहिलं असतं, काही दिलं नाही. पोट्टीचं नुकसान झालं असतं."

माझ्यासाठी नव्हतंच ते. तिला पोट्टीसाठी फाईलमधे खरं लिहिलेलं हवं होतं. मला वाईट वाटलं, अन् बरंही वाटलं की पोट्टीला अशी आई आहे.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. ते कसे काढले ते मलाच माहीत. साफ आला. दीदी म्हणाली, अजून तपासण्या आहेत, अठराव्या महिन्यात शेवटची. त्यातल्या दोन झाल्या, दोन्ही साफ. पोट्टी आता अंगणात दुडुदुडु पळते, मुरमुरे खाते अन् शेवटची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मुलगा अन् सून गोळी घेतात, कामं करतात, भांडतात बी. पाऱ्यात मी कोणाला काही सांगितलेलं नाही. या वयात तोंड बंद ठेवायला शिकले. त्या पेल्यावाल्या बाईचा पत्ता मी शोधून राहिले, अजून लागला नाही.

पण मला त्या रिपोर्टच्या दिवसापेक्षा दुसरी एक सकाळ जास्त आठवते. दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची, जेव्हा रिपोर्टचा काही पत्ता नव्हता अन् माझ्या गुन्ह्याचं काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पाठ करून कणीक मळत होते. सुनेनं पाणी काढलं, टॉवेल खांद्यावर टाकला. मी सुपाच्या आवाजाची वाट बघत होते. त्याऐवजी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, हात धुवा."

मी हात धुतले, पुसले. तिनं पोट्टीला माझ्या मांडीवर ठेवलं, दुपट्याचं टोक नीट केलं अन् न्हाणीत गेली. दार लोटलं. मी कान देऊन होते. आतून कडी लागली.